अभ्यासपाठ : कृपाबाई सत्यनाथन, नगरच्या पाळकाची कन्या व दोन कादंबऱ्यांची कर्ती

अमेरिकेतील हॅरिएट बीचर स्टो या बाईंचे नाव आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. त्या एका पाळकाची मुलगी आणि पवित्र शास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाची पत्नी. 1851 साली त्यांनी वॉशिंग्टन येथील एका साप्ताहिकात गुलामांच्या हालांची एक गोष्ट भागशः देण्यास आरंभ केला. 1852 साली ती पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा पहिल्या वर्षातच अमेरिकेत तिच्या सुमारे 3,00,000 प्रती खपल्या. बाईंचे एक दीड वर्षाचे मूल 1849 साली पटकीने दगावले होते. गुलाम आईच्या कुशीतून लेकरू ओढून विकावयास नेतात तेव्हा तिचे काळीज कसे फाटत असेल, हे आपणांस त्या मुलाच्या बिछान्यापाशी कळले, असे त्या पुढे सांगत. टॉम काकाच्या त्या गोष्टीने हजारो निजलेल्या लोकांस जागे केले. दास्य मोडण्यास पुढे युद्ध करावे लागले ही गोष्ट खरी. परंतु युद्धाच्या आधी लोकांची मने तयार करण्यात ज्यांचा हात होता त्यांत ही सात लेकरांची आई होती. आपल्या देशी जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांस दास्यमुक्त केले त्यांस अर्पण केले, ते याच लढ्याच्या स्मरणार्थ.

त्या बाईंविषयी आज अधिक लिहावयाचे नाही. एका कॅटेकिस्ट बंधूंनी मध्यंतरी विचारले की, परदेशच्या बायांची चरित्रे आम्ही सांगतो ती लोक ऐकतात, पण ऐकून झाल्यावर 'त्या मडमा, त्यांचे काय!' असे म्हणून उठून जातात. तर आपल्या मुलखातली, आपल्या भाषेची, आपल्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेली अशी कोणी लेखिका झाली आहे काय? झाली आहे. शिवाय ती फार दूरची नव्हे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेहून निघावे, वाळूज मागे टाकावे, कायगाव टोक्यापाशी गोदावरी ओलांडावी, आणि नेवाशाच्या बाजूने पुढे गेले की जे नगर शहर लागते, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, तेथे 14 फेब्रुवारी 1862 रोजी तिचा जन्म झाला. तिचे नाव कृपाबाई. माहेरचे आडनाव खिस्ती, सासरचे सत्यनाथन.

माहेरच्या आडनावावरून कित्येकांची समजूत होते की, घराणे ख्रिस्ती झाले म्हणून हे नाव पडले. तसे नव्हे. खिस्ती हे आडनाव हिंदू ब्राह्मण घराण्यांतही आढळते. योगायोगाने ते या कुटुंबास दुहेरी शोभले, एवढेच.

कृपाबाईंचे वडील हरिपंत रामचंद्र खिस्ती हे मुंबई इलाख्यात अगदी आरंभी ज्या ब्राह्मण गृहस्थांनी प्रभूचा स्वीकार केला त्यांपैकी होत. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास 1831 साली सुरू झाले, आणि 1839 साली हरिपंतांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1854 साली रामकृष्णपंत मोडक व हरिपंत या दोघांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्या काळी नगर हे गाव विद्येच्या बाबतीत विलक्षण होते. 'ज्ञानोदय' पत्राचा जन्म 1842 साली तेथलाच. सिंथिया फरार या अमेरिकन अविवाहित बाई 1827 साली मुंबईस उतरल्या व 1839 पासून मरेपर्यंत नगरास मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या; सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले असे सांगतात. फरार बाई वारल्या ते साल 1862, म्हणजे कृपाबाई जन्मल्या तेच.

हरिपंत व राधाबाई यांचे कृपाबाई हे तेरावे अपत्य. वडील लवकर वारले. एवढ्या लेकरांचे ओझे राधाबाईंवर आले, आणि त्यांनी ते वाहिले. आईविषयी कृपाबाईंच्या मनात जी भावना होती तिच्यातूनच त्यांची पहिली कादंबरी जन्मली, म्हणून या पाठात आपण राधाबाईंपाशी थोडे थांबू.

कादंबरीचे नाव 'सगुणा'. ती बव्हंशी लेखिकेचे स्वतःचे चरित्र आहे. वडिलांचे नाव तिने हरिचंद्र असे बदलले आहे, पण आईचे राधा आणि थोरल्या भावाचे भास्कर ही नावे खरीच ठेविली आहेत. पुस्तकाचा पूर्वार्ध सगुणेचा नाही, तिच्या आईचा आहे, आणि आमच्या मते पुस्तकाचे बळ याच भागात आहे. राधा लहानपणीच लग्न होऊन सासरी आली. सासुरवासात बाईमाणसाच्या वाट्यास जे येते ते तिच्याही वाट्यास आले. नवरा शहाणा, मनाचा शोधक, सदा कोणत्या तरी विचारात. त्या विचारांत तिला कोणी घेतले नाही; घेण्याची त्या काळी रीतही नव्हती. आणि एके दिवशी तिच्या कानी आले की, आपला नवरा ख्रिस्ती झाला.

आपण उपदेशक मंडळी अशा गोष्टी नेहमी पुरुषाच्या बाजूने सांगतो. अमक्याने सर्वस्व सोडले, अमक्याने आप्तांचा छळ सोसला, जातीबाहेर पडला, तरी डगमगला नाही. हे सांगावेच. परंतु त्याच घरात एक बाई होती, तिने काही सोडावयाचे ठरविलेले नव्हते, तरी तिचे सर्व काही सुटले. आई, बहिणी, शेजारीण, नदीचे पाणी, सणवार, देव्हारा, एका रात्रीत सारे परके झाले. नवऱ्याजवळ त्याचा विश्वास होता. तिच्याजवळ काय होते? फक्त नवरा, आणि तोही आता ओळखीचा वाटेना. कृपाबाईंनी हे दुःख झाकून ठेविले नाही. त्या स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, पाळकाची मुलगी, पुढे पाळकाच्या घराण्याची सून, तरीही आपल्या आईने नव्या धर्मास केलेला विरोध त्यांनी मूर्खपणा म्हणून रंगविला नाही. उलट तो विरोध मानी बाईचा म्हणून रंगविला. जिने आपल्या आईबापांपासून मिळालेले जिवापाड जपले तिने ते नवऱ्याच्या एका शब्दावर टाकून द्यावे, अशी अपेक्षा करणेच चुकीचे, हा त्या पानांचा सूर आहे.

राधा शेवटी ख्रिस्ती होते, पण ती हळूहळू होते. कोणी वादात जिंकले म्हणून ती बदलत नाही. नवऱ्याचा धीर, घरातील बदललेली वागणूक, रागावण्याच्या जागी न रागावणे, आणि थोडेथोडे वाचन, यांनी ती बदलते. या ओघात वर्षे जातात. ज्या गावांत घरधनी मंडळीत आला आहे व घरधनीण अजून उंबरठ्यावर उभी आहे, तेथील भावांनी या गतीचा विचार करावा. बाप्तिस्म्याच्या यादीत 'सहकुटुंब' हा शब्द लिहिणे फार सोपे असते. लिहिणाऱ्याने त्या घरातील बाईस वेगळे बसवून कधी विचारले आहे काय? हे पाहण्याचे काम पाळकाचे आहे, मडमसाहेबांचे नव्हे.

सगुणेचे स्वतःचे बालपण पुस्तकाच्या पुढील भागात येते. भाऊ शिकतात आणि ती त्यांच्या मागे लागून ऐकून ऐकून शिकते. मुलगी हुशार आहे हे सर्वांस दिसते व ते पाहून कित्येकांस आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटते. ख्रिस्ती घर होते म्हणून ही काळजी नव्हती असे वाचकांनी समजू नये. एकटा थोरला भाऊ भास्कर तिला बरोबरीने वागवी. तो तिला डोंगरावर फिरावयास नेई, पुस्तके देई, देशाच्या जुन्या थोरवीविषयी बोले. तो तरुणपणीच वारला. पुस्तकातील भास्करच्या मृत्यूची पाने ज्याने वाचली त्यास कळेल की हे दुःख कल्पिलेले नव्हे. त्या धक्क्याने कृपाबाईंची प्रकृती खचली ती पुन्हा पुरती सावरली नाही.

यानंतर दोन युरोपियन मिशनरी बायांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले, व पुढे त्या मुंबईस जनाना मिशनच्या वसतिशाळेत गेल्या. येथे कृपाबाईंच्या लेखणीचा दुसरा गुण दिसतो. ज्या बायांनी माया केली त्यांचे त्या मनापासून उपकार मानतात. परंतु ज्या मडमा येथल्या लेकींस खालच्या समजून वागवितात, त्यांच्याशी बोलताना आवाज बदलतात, त्यांचेही चित्र त्या न भिता काढतात. मिशनच्या अन्नावर वाढलेल्या मुलीने मिशनच्या बायांविषयी असे लिहावे हे तेव्हा काहींस रुचले नसेल. आम्हांस वाटते की, ज्यांनी खरी सेवा केली त्यांचे मोल अशा लिहिण्याने कमी होत नाही. सर्वांची सरसकट स्तुती करणाऱ्या लेखकाच्या स्तुतीस किंमत काय?

मुंबईस एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी या मुलीची बुद्धी हेरली व तिला वैद्यक शिकण्यास उत्तेजन दिले. पडद्यातील बाया पुरुष वैद्यास नाडी दाखवीत नसत, आणि बाई वैद्य तर मिळेना. त्यामुळे किती आया व किती तान्ही बाळे मरत हे आपल्या गावच्या म्हाताऱ्यांस विचारावे. कृपाबाईंनी इंग्लंडास जाऊन शिकावे अशी योजना झाली होती, शिष्यवृत्तीही मिळावयाची होती, पण प्रकृती इतक्या दूरच्या प्रवासास व थंडीस टिकणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले. तेव्हा 1878 साली त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्या कॉलेजाने बायांस दार उघडले होते ते 1875 साली. वाचकांनी हेही ध्यानात आणावे की, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या त्या 1883 साली, म्हणजे पाच वर्षांनी. नगरची ही सोळा वर्षांची मुलगी, जिला मद्रासची भाषा येत नव्हती, ती मुडद्यांची चिरफाड शिकविणाऱ्या वर्गात जाऊन बसली आणि पहिल्या वर्षी एक विषय सोडून सर्व विषयांत बक्षिसे मिळवून आली. पण शरीराने साथ दिली नाही. वर्षभरातच ते शिक्षण सोडावे लागले, व विश्रांतीसाठी त्या पुण्यास बहिणीकडे आल्या.

मद्रासेत त्या ज्यांच्या घरी राहिल्या ते रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन हे चर्च मिशनरी सोसायटीचे नामांकित तमिळ पाळक. आपल्या भागातील वाचकांस ही सोसायटी परकी नाही. औरंगाबादेस व भोवतालच्या खेड्यांत रतनजी नवरोजी या पारशी पाळकांनी पुष्कळ वर्षे काम केले ते याच सोसायटीच्या वतीने. सत्यनाथन पाळकांच्या पत्नी ॲना या स्वतः मुलींच्या शाळा चालवीत व घरोघर जाऊन बायांस शिकवीत. त्यांचा मुलगा सॅम्युएल केंब्रिजहून शिकून परतला, आणि त्याच्याशी कृपाबाईंचा विवाह झाला. वधू मराठी, वर तमिळ. दोघांची घरगुती भाषा इंग्रजी. हा विवाह जातीच्या किंवा भाषेच्या ओळखीवर ठरला नव्हता. आजही आपल्या मंडळ्यांत स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, ते आम्ही येथे लिहीत नाही. वाचकांस ठाऊक आहे.

सॅम्युएल यांची नेमणूक निलगिरीवर उटकमंड येथील एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणून झाली. तेथे कृपाबाईंनी स्वस्थ न बसता सोसायटीच्या मदतीने मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. लिहिण्यासही आरंभ तेथेच झाला. निलगिरीवरील तोडा नावाच्या डोंगरी लोकांच्या वस्तीस भेट दिली त्याविषयीचा त्यांचा लेख तेथील इंग्रजी पत्रात 'एक हिंदी स्त्री' अशा अर्थाच्या सहीने छापून आला. पुढे राजमहेंद्री, कुंभकोणम् अशा बदल्या झाल्या व 1886 साली ते दांपत्य मद्रासेस आले. मध्यंतरी त्यांना एकच मूल झाले आणि ते वर्षाचे होण्यापूर्वीच गेले. स्टो बाईंच्या घरची गोष्ट वर सांगितली आहे. दोघींच्या लिहिण्यात आईच्या दुःखाची जी जाण आहे ती पुस्तकांतून आलेली नाही.

'सगुणा' ही कथा 1887-88 या काळात मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः निघाली. इंग्रजीत कादंबरी पूर्ण करून प्रसिद्ध करणारी पहिली हिंदी स्त्री म्हणून कृपाबाईंचे नाव सामान्यतः घेतले जाते. बंगालच्या ख्रिस्ती घराण्यातील तोरू दत्त या कवयित्रीने त्यांच्या आधी इंग्रजी कादंबरीस हात घातला होता, पण ती 1877 साली एकविसाव्या वर्षी वारली व ते लेखन अपुरे राहिले.

दुसरी कादंबरी 'कमला'. ही लिहिली जात असता लेखिका क्षयाने ग्रासली होती. थोडे लिहावे, पडून राहावे, पुन्हा लिहावे, अशा रीतीने ती पुरी झाली. हिची पार्श्वभूमी नाशिककडील, म्हणजे पुन्हा आपलाच मुलूख. मद्रासेत बसून, मद्रासच्या लोकांत राहून, मरणाच्या दारी टेकलेल्या या बाईच्या डोळ्यांपुढे गोदावरीचे घाट व सह्याद्रीचे डोंगर होते. कमला ही डोंगरावर विरक्त होऊन राहिलेल्या एका विद्वानाची आईवेगळी मुलगी. बापाने तिला मायेने वाढविले. लग्न होऊन ती गावात आली आणि सासू व नणंदांच्या हाती सापडली. नवरा गणेश वाईट नव्हे. तो शिकलेला आहे, बायकोला शिकवावे असे त्याच्या मनात येते, तसा तो आरंभही करतो. पण घरची माणसे नाके मुरडतात, आणि तो सोडून देतो. हा गणेश आम्हांस साऱ्या पुस्तकात सर्वांत खरा वाटतो. दुष्ट सासू पुष्कळ कथांत भेटते. चांगले जाणणारा, चांगले बोलणारा, पण घरात भांडण नको म्हणून बायकोला एकटी सोडणारा नवरा कथांत कमी भेटतो आणि गावात फार. पुढे तो दुसऱ्या एका स्वच्छंदी बाईच्या नादी लागतो, कमला घर सोडते, तिचे मूल जाते, नवराही मरतो. विधवा झालेल्या कमलेवर प्रेम करणारा रामचंद्र नावाचा एक भला मनुष्य तिला विवाहाविषयी विचारतो. ती नाही म्हणते, आणि हाती आलेले धन अनाथ व विधवा यांच्यासाठी वेचीत आयुष्य घालविते.

येथे विचारी वाचक थबकतो. 1857 साली बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी लिहिली. तीही विधवांच्या हालांवर आहे. तिच्यातील यमुना ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. मग कृपाबाईंनी कमलेस ना ख्रिस्ती केले, ना तिचा पुनर्विवाह लाविला, हे कसे? काही समीक्षकांस हा भित्रेपणा वाटला. आमचे मत निराळे आहे. बाबा पदमनजींना वाट दाखवावयाची होती, व ती दाखविणे त्या वेळी अवश्य होते. कृपाबाईंना एक जीव दाखवावयाचा होता. जिच्या कानी लहानपणापासून एकच गोष्ट पडली, तिचे पाऊल एका प्रेमळ शब्दाने उंबरठ्याबाहेर पडत नाही, हे त्यांनी आपल्या आईपासून शिकले होते. कमला 'नाही' म्हणते तेव्हा वाचकाच्या मनात चीड उत्पन्न होते. ती चीड कमलेवर नसते, तिला असे घडविणाऱ्या रूढीवर असते. गोष्टीच्या शेवटी बाप्तिस्मा आला म्हणजेच गोष्ट ख्रिस्ती झाली, असे समजणाऱ्या उपदेशकांनी हे पुस्तक अवश्य पाहावे. अर्थात पुनर्विवाहाच्या प्रश्नावर लेखिकेने अधिक धीटपणे लिहावयास हवे होते असे कोणी म्हणेल, तर त्याचे तोंड आम्ही धरणार नाही.

दोन उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. पहिली भाषेची. कृपाबाईंची मातृभाषा मराठी, पात्रे मराठी, डोंगर-नद्या मराठी, लिहिले इंग्रजीत. त्याची कारणे उघड आहेत. शिक्षण इंग्रजीत झाले, संसार तमिळ प्रांतात झाला, मासिक इंग्रजी होते. पण परिणाम असा की, राधाबाईंची गोष्ट इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीपर्यंत पोहोचली (राणीने 'सगुणा' वाचून या लेखिकेची आणखी पुस्तके मागविली असे सांगतात), आणि ज्या नगरच्या पेठांत ती घडली तेथील बायांस ती वाचता आली नाही. लेखिकेच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात तिचे लेखन तमिळमध्ये गेले. मराठी माणसास याची थोडी लाज वाटावी.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. दोन्ही पुस्तकांतील मुख्य पात्रे ब्राह्मण घरची. आपल्या खेड्यांतील मंडळ्या ज्यांच्या पूर्वजांनी उभ्या केल्या ते महार व मांग बंधू या पुस्तकांच्या मध्यभागी नाहीत. कृपाबाईंनी जे पाहिले ते लिहिले, याबद्दल त्यांस दोष देता येत नाही. त्यांची आई राधाबाई होती, ती जे सोडून आली तेच त्यांना ठाऊक होते. परंतु आपली गोष्ट त्यांत पुरती आली असे समजून कोणी समाधान मानू नये. वेशीबाहेर ज्यांना राहावे लागे त्यांना ख्रिस्ती होताना सोवळे सोडावयाचे नव्हते. त्यांच्या भीती निराळ्या, बलुत्याच्या भाकरीच्या, पाटलाच्या रागाच्या, पाणवठ्याच्या. ती गोष्ट लिहिण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर कृपाबाईंच्या जन्माआधीच एका मुलीने दिले आहे. पुण्यास फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो 1855 साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मराठीत, स्वतःच्या हाताने, मागे कोणताही विद्वान बाप नसता. आमच्या उपदेशकांनी ही दोन नावे एकाच संध्याकाळी घ्यावी. एकीची पुस्तके जाड, दुसरीचा निबंध थोड्या पानांचा. वजन करावयाचे तर तराजू कोणत्या बाजूस झुकेल हे आम्ही सांगू शकत नाही.

कृपाबाईंचे अखेरचे दिवस लवकर सांगून संपवू. सासूबाई 1890 साली व सासरे 1892 साली गेले. त्या स्वतः 3 ऑगस्ट 1894 रोजी, बत्तीस वर्षांच्या असता, प्रभूच्या घरी गेल्या. 'कमला' त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली, 'सगुणा' 1895 साली, आणि किरकोळ लेखांचा संग्रह 1896 साली. मद्रास विश्वविद्यालयात इंग्रजी विषयात पहिल्या येणाऱ्या मुलीस त्यांच्या स्मरणार्थ पदक ठेवण्यात आले. नंतर बराच काळ ही पुस्तके विस्मृतीत गेली, ती 1998 साली पुन्हा छापली गेली, आणि आता कॉलेजांतील विद्यार्थी ती अभ्यासतात.

हा पाठ मंडळीत घेणाऱ्यांनी सनावळी पाठ करवून घेऊ नये. मद्रास, उटकमंड हेही दोन वाक्यांत उरकावे. राधेची गोष्ट मात्र सावकाश सांगावी, आणि शक्य तर शब्बाथाच्या सकाळी न सांगता आठवड्यातील एखाद्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, बाया ओसरीवर बसतात तेव्हा सांगावी. सांगून झाल्यावर त्या घरातील सर्वांत वृद्ध बाईस विचारावे की, तुमच्या घरात प्रभूचे नाव पहिल्याने कोणी आणले, आणि त्या वेळी तुमच्या आजीच्या किंवा सासूच्या मनात काय होते? पुरुषांनी मध्ये बोलू नये. जे सांगितले जाईल ते मंडळीतील लिहितावाचता येणाऱ्या एखाद्या मुलीकडून तिच्या शब्दांत वहीत उतरवून घ्यावे, गावाचे नाव व आठवत असेल ते साल घालावे, आणि भाषा शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. वाचनासाठी रूथचे पहिले प्रकरण घ्यावे. त्यात वाटेवर थांबून निर्णय करणाऱ्या बाया तीन आहेत, आणि परत फिरलेल्या अर्फेविषयी शास्त्राने एकही कठोर शब्द लिहिलेला नाही, हे वाचणाऱ्याने श्रोत्यांच्या लक्षात आणून द्यावे.